खानदेश सुभा

खानदेश सुभा हा मुघल साम्राज्याचा दक्षिण सीमेवरील प्रांत होता. बादशहा अकबराने इ.स. १६०१ मध्ये फारुकी घराण्याचे राज्य खालसा करून तो स्थापन केला. तापी नदीचे खोरे हा त्याचा गाभा असून उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा होत्या. बुऱ्हाणपूर (सध्या मध्य प्रदेशात) ही त्याची राजधानी होती. आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांचा बराच भाग या सुभ्यात मोडत असे. उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांचा मुख्य तळ येथे असल्यामुळे आकाराने लहान असूनही या सुभ्याला मोठे महत्त्व लाभले.

पार्श्वभूमी

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खानदेशावर फारुकी घराण्याची सत्ता होती. राजा अली खान याने अकबराचे मांडलिकत्व पत्करले आणि १५९७ मध्ये तो मुघलांच्या बाजूने दख्खनी फौजांशी लढताना मारला गेला. त्याचा वारस बहादूरखान याने मात्र अकबराला जुमानले नाही. तेव्हा अकबराने बुऱ्हाणपूर घेऊन असीरगडास वेढा घातला. सातपुड्यातील खिंडीवर नजर ठेवणारा हा किल्ला जानेवारी १६०१ मध्ये शरण आला. शहजादा दानियालच्या नावावरून प्रांतास ‘दानदेश’ असे नाव देण्यात आले. ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचे ३२ परगणे नोंदले आहेत.

सीमेवरील राजधानी

अहमदनगरच्या निजामशाहीविरुद्धच्या मोहिमांची सूत्रे अनेक वर्षे बुऱ्हाणपुरातून हलत होती. अब्दुर्रहीम खान-ए-खानान याचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो १६१५ मध्ये येथे शहजादा परवेझला भेटला. सुरत–आग्रा व्यापारी मार्गावरील या शहराचे कापड परदेशातही जात असे. डोंगरातील पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणणारी ‘कुंडी भंडारा’ ही योजना याच काळातील आहे.

सीमेवरच्या या वैभवाची दुसरी बाजू १६३०–३२ च्या दुष्काळात दिसली. शाहजहान त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. गुजरात, खानदेश व दख्खनेत अन्नान्नदशा झाली असतानाच सैन्याच्या रसदेचा भारही याच मुलखावर पडला. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन केले आहे. याच मुक्कामात १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन झाले.

सीमेचे स्थलांतर

१६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली व मुघलांची सरहद्द दक्षिणेकडे सरकली. खानदेश हा आता औरंगजेबाच्या सुभेदारीतील दख्खनच्या चार सुभ्यांपैकी एक झाला. १६३८ मध्ये शेजारचे बागलाणही जिंकले गेले. पुढे सुभेदारीचे केंद्र औरंगाबादला गेल्याने बुऱ्हाणपूरचे लष्करी महत्त्व घटले. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत मुर्शिद कुली खान याने जमीन महसुलाची नवी व्यवस्था लावली आणि शेतकऱ्यांना तगाई देऊन उजाड जमिनी लागवडीखाली आणण्याचा प्रयत्न केला.

सीमा दूर गेली, तरी सुरक्षितता टिकली नाही. १६७० पासून शिवाजी महाराजांच्या फौजा खानदेशात स्वाऱ्या करू लागल्या. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या सैन्याने बुऱ्हाणपूरचे बहादूरपुरा हे संपन्न उपनगर लुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द औरंगजेब दक्षिणेच्या स्वारीवर बुऱ्हाणपुरात दाखल झाला. एकेकाळी दख्खनवर चढाई करण्याचा हा तळ आता दख्खनी फौजांच्या माऱ्यात आला होता.

अखेर

१७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीचे मराठ्यांचे हक्क मुघल दरबाराने मान्य केले. त्यांत खानदेशही होता. १७२० मध्ये निजाम-उल-मुल्क याने असीरगड व बुऱ्हाणपूर घेतले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये ही दोन्ही ठिकाणे मराठ्यांकडे आली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेशाचा मोठा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला व धुळे हे नव्या जिल्ह्याचे ठाणे झाले. बुऱ्हाणपूर या जिल्ह्याबाहेर राहिले, त्यामुळे जुन्या सुभ्याची राजधानी आणि तिचा बराचसा मुलूख आज दोन वेगळ्या राज्यांत आहेत.