पुसले म्हणजे गेले का?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात जी आवराआवर होते तिला सौभाग्यवती सफाई म्हणतात आणि मी धाड म्हणतो. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, रद्दीवाल्याशी घासाघीस होते आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या माझ्या वस्तू एकेक करून घराबाहेर पडतात. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका धाडीत आमचा जुना संगणक सापडला. नांदेडातील एका जुन्या मालाच्या दुकानात मी तो १,५०० रुपयांना देऊन टाकला आणि त्या पैशांत आकाशकंदील नि फटाके घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो.

देण्यापूर्वी मी साऱ्या फायली डिलीट केल्या होत्या. पडद्यावरची ती कचऱ्याची टोपली, रिसायकल बिन, तीही रिकामी केली होती. चिरंजीवांनी वर ‘क्विक फॉरमॅट’ मारून दिला. याहून अधिक सोवळे ते काय पाळायचे?

पुढे फेब्रुवारीत लातूरहून फोन आला. माझा एक जुना विद्यार्थी तेथे गंजगोलाईजवळ संगणकदुरुस्तीचे दुकान चालवितो.

“सर, नांदेडहून जुन्या डिस्कांचा लॉट आणलाय. गेलेले फोटो परत काढायचा एक प्रोग्राम आहे, तो चालतो का बघावं म्हणून एका डिस्कवर लावला, तर सगळीकडं तुमचंच नाव यायलंय. मी उघडून काही बघितलं नाही. तुम्ही एकदा येऊन जा.”

रविवारी एस.टी. धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर येईपर्यंत मी मनाशी यादी करीत होतो. घरच्यांची आधारकार्डे, बँकेच्या पासबुकाची प्रत, प्राप्तिकराची विवरणे. आठ-दहा अर्धवट लेखही होते. पण ते कोणाच्या हाती लागले असते तर त्याचेच नुकसान होते.

यादीत एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. एके काळी फी-माफीचे अर्ज माझ्याकडे येत आणि मी ते स्कॅन करून ठेवीत असे. त्यांत एका मुलीचा तीन पानी अर्ज होता. वडिलांनी आत्महत्या का केली, कर्ज कोणाचे किती होते, नंतर आईला कोण काय बोलले, हे सारे तिने स्वच्छ अक्षरात लिहिले होते आणि शेवटी विनंती केली होती की, हे वर्गात कोणाला कळू देऊ नका. मी ते घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. आणि तोच कागद चार महिने एका खोक्यात, जो विकत घेईल त्याच्यासाठी, पडून होता! पडद्यावर त्या फायलीचे नाव दिसताच मी खुर्ची मागे सरकविली. शिष्याने न विचारता चहा सांगितला.

“पण मी तर सगळे पुसले होते रे!”

“सर, सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून रानातली ज्वारी उपटली जाते का?”

शेतकऱ्याचा मुलगा तो. आयुष्यभर उपमा-दृष्टान्त शिकवून मला जे सुचले नसते ते त्याने एका वाक्यात सांगितले. हार्ड डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याचे एक दप्तर असते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक त्या दप्तरात ‘ही जागा मोकळी झाली’ अशी नोंद करतो, एवढेच. मजकूर जागच्या जागी उभा असतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईल तेव्हाच तो मोडतो. आणि ते उद्या होईल की कधीच होणार नाही, हे आपल्या हातात नसते. क्विक फॉरमॅटने फक्त नवे कोरे दप्तर मिळते. रान तसेच राहते.

ही काही आमच्या नांदेडची खासियत नव्हे. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलात या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी १५८ जुन्या डिस्का विकत घेऊन त्यांची झडती घेतली. चालू स्थितीतल्या १२९ निघाल्या, आणि त्यांतल्या नीट पुसलेल्या केवळ १२! पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक त्यांना मिळाले. हे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. तरीही माझ्यासारखे एम.ए. झालेले गृहस्थ आकाशकंदिलाच्या मोबदल्यात आपले दप्तर लोकांच्या स्वाधीन करीतच आहेत. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून तर घरोघरचे जुने संगणक बाहेर पडण्याच्या वाटेवर आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

उपाय अवघड नाही. जागा मोकळी करून भागत नाही, ती नांगरावी लागते. म्हणजे साऱ्या डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्ये किंवा कसलेही निरर्थक आकडे लिहून काढायचे. विंडोजमध्ये ‘क्विक’ पुढची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या हेच करतात. ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो ती मात्र याने पुसता येत नाही, कारण बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालत नाही; तिच्यासाठी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी लागते. पीटर गुटमन यांनी १९९६ साली ३५ वेळा लिहिण्याची एक पद्धत सुचविली होती आणि पुष्कळ लोक अजून ती मंत्रासारखी जपतात. पुढे खुद्द गुटमननीच सांगितले की आजच्या डिस्कांना तिची गरज नाही. साध्या फिरत्या हार्ड डिस्कला एकदा संपूर्ण लिहिणे पुरते.

नव्या लॅपटॉपमधली एस.एस.डी. मात्र लबाड असते. तिच्यातले कप्पे झिजू नयेत म्हणून ती लिहिणे आपल्या मर्जीने इकडून तिकडे हलविते. तुम्ही जुन्यावर लिहिले म्हणता, ती भलतीकडे लिहून मोकळी होते. तिच्यासाठी बनविणाऱ्या कंपनीचीच पुसण्याची आज्ञा वापरावी, किंवा पहिल्या दिवसापासून मजकूर सांकेतिक रूपात ठेवावा. हे ऐकताना मला महानुभावांची सकळ लिपी आठवली. आमच्या जिल्ह्यातले माहूर हे त्यांचे मोठे स्थान. पंथातले ग्रंथ परक्या हाती पडले तरी वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी अक्षरांची अदलाबदल करून ते लिहिले. शतकानुशतके पोथ्या होत्या, पण किल्ली नसलेल्याला त्या नसल्यासारख्याच. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी किल्ली मिळविली तेव्हा कोठे त्या अभ्यासकांना खुल्या झाल्या. आजचे मोबाइल असेच करतात. मजकूर सांकेतिक असतो आणि ‘फॅक्टरी रीसेट’ केला की किल्लीच नष्ट होते. संगणकाची किल्ली राजवाड्यांनाही सापडली नसती. पण जुन्या फोनमधले सुटे मेमरी कार्ड गृहिणींनी आठवणीने काढून घ्यावे. ते बहुधा साध्या बाळबोध लिपीतच असते!

एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२४ च्या जूनमध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात चौकशी केली. मोबाइलमध्ये परीक्षार्थींची प्रवेशपत्रे सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आणि पुढे तपास सी.बी.आय.कडे गेला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण चौकशी चालू असता पुरावा पुसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा मी सांगतो ती विद्या त्या कामाची नव्हे.

शिष्याने माझी डिस्क नांगरायला लावली. ५०० जीबीची ती डिस्क पुसायला दोन तास लागले. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या गतीने सरकत होती आणि आम्ही जुन्या वर्गातल्या पोरांच्या गोष्टी काढीत बसलो होतो. मग त्याने तोच शोधणारा प्रोग्राम पुन्हा लावला. काही मिळाले नाही. मी डिस्कचे पैसे देऊ केले; त्याने घेतले नाहीत.

त्या मुलीला कळवावे की नाही, याचा विचार परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत पुरला. ती आता एका शाळेत शिक्षिका आहे. शेवटी रात्री फोन केला आणि झाले ते सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सर, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण तो मूळ कागद ऑफिसात असंल ना अजून?”

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन कपाटाची किल्ली मागितली. त्या वर्षाचा गठ्ठा खिडकीत होता, सुतळी सुटलेला.