आधी साखळी तपासा

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतलं, कणांच्या टकरी घडवणारं एलएचसी हे यंत्र २०२६ च्या मध्यापासून काही वर्षं बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा चर्चा झाली ती पुढे वाढणाऱ्या टकरींची. मला त्याहून मोठी बातमी वाटते ती त्याच यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगाची. कणांचे मार्ग टिपणारा तिथला सिलिकॉनचा ट्रॅकर अख्खा काढून नवा बसवायचा आहे.

डब्ल्यू बोसॉन या मूलकणाचं प्रकरण आठवा. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सीडीएफ गटाने त्याचं वस्तुमान ८०,४३३.५ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) जाहीर केलं आणि भौतिकशास्त्राचा पाया हादरल्याची हाकाटी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएसचा आकडा आला, ८०,३६०.२. अनिश्चितता दोघांचीही जेमतेम १० एमईव्ही. सिद्धांताचं गणित सीएमएसच्या बाजूने आहे. निसर्ग दोन आकडे देत नाही. कुठेतरी मोजणीच चुकली असणार.

आमच्या देवळा गावात शेताच्या बांधावरून वाद पेटला की जमीन मोजायच्या साखळीवरच पहिला संशय येतो. इथली साखळी म्हणजे ट्रॅकर. डब्ल्यूपासून निघालेला ४० जीईव्ही संवेगाचा म्यूऑन हा कण सीएमएसच्या ३.८ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात वळतो, पण मीटरभराच्या वाटेत त्याचा बाक भरतो सुमारे चार मिलिमीटर. आठ हजारांत एक इतकी अचूकता हवी, तर त्या बाकात सरासरी अर्ध्या मायक्रॉनची कायमची चूकही चालत नाही. चुंबक दुप्पट ताकदीचा केला तर बाक दुप्पट होतो, ट्रॅकरची त्रिज्या दुप्पट केली तर चौपट. मग थरांवर थर का चढवत नाहीत? कारण प्रत्येक पट्टी, केबल आणि थंडाव्याची नळी कणाची थोडी ऊर्जा खाते. इलेक्ट्रॉन तर वाटेतच बरीच ऊर्जा प्रकाशकणांच्या रूपात गमावतो. सीएमएसने डब्ल्यूसाठी फक्त म्यूऑन घेतले. जे/साय या कणाचं वस्तुमान आधीच नेमकं ठाऊक आहे. त्यापासून निघणाऱ्या म्यूऑनच्या जोड्यांवर त्यांनी आपली साखळी ताडून पाहिली. हे कंटाळवाणं काम मला नव्या कणाच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

नव्या ट्रॅकरच्या बाहेरच्या भागात काही मिलिमीटर अंतरावर सिलिकॉनच्या जोडपट्ट्या असतील. दोन्हींवरच्या खुणांमधला फरक पाहून कमी संवेगाचे कण जागीच गाळले जातील. शिवाय त्याचं साहित्यही आताच्यापेक्षा हलकं असेल.

यात आपण परके नाही. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर सीएमएसमध्ये आहेत. त्याच प्रयोगाच्या प्रीशॉवर भागासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून सिलिकॉनचे शोधक बनवून घेतले होते. तरी आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या वहीत अनेकदा उत्तर आधी आणि निरीक्षणं नंतर लिहिली जातात.

मोजणीची शिस्त जवळून शिकायची वाट मात्र खुली आहे. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिथल्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांसाठी भारतीयांना अर्ज करता येतो. देवळ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनीही तो जरूर करावा.