राणी साओवाभा: सयामची पहिली स्त्री राजप्रतिनिधी

एप्रिल १८९७मध्ये सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा राजा चुलालोंगकोर्न युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्याने राज्यकारभाराची सूत्रे एखाद्या भावाच्या हाती न देता तेहतीस वर्षांची राणी साओवाभा फोंगश्री हिला राजप्रतिनिधी नेमले आणि तिच्या साहाय्यास राजपुत्र व मंत्री यांचे एक मंडळ दिले. काळ बिकट होता; चारच वर्षांपूर्वी फ्रेंच युद्धनौका चाओ फ्राया नदीतून थेट बँकॉकपर्यंत येऊन ठाकल्या होत्या, मेकाँगच्या पूर्वेकडील प्रदेशावर सयामला पाणी सोडावे लागले होते आणि युरोपीय दरबारांत स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान मिळवणे हा राजाच्या दौऱ्याचा एक प्रमुख हेतू होता. डिसेंबरात तो परतेपर्यंत कारभार राणीच्या नावाने चालला आणि त्या निमित्ताने तिला ‘बोरोम्मराचिनीनात’ हा, राज्य सांभाळलेल्या राणीचा, पट्टराणीपेक्षाही वरचा किताब मिळाला. चक्री राजघराण्यात तो पुन्हा दिला गेला तो १९५६ साली, राजा भूमिबोल काही दिवसांसाठी भिक्षू झाला असताना राजप्रतिनिधी झालेल्या राणी सिरिकितला.

साओवाभाचा जन्म १ जानेवारी १८६४चा. ती राजा मोंगकुट याची मुलगी, म्हणजे पुढे जो तिचा पती झाला त्या चुलालोंगकोर्नची सावत्र बहीण. आजच्या वाचकाला हे खटकेल. परंतु सयामी राजघराण्यात अशा विवाहांमागे दर्जाचे एक काटेकोर गणित होते. राजाला राण्या व उपस्त्रिया अनेक असत आणि त्यांच्या मुलांचा मान आईच्या कुळावर ठरत असे. आई स्वतः राजकन्या असेल तर मुलाला ‘चाओ फा’ ही राजपुत्राची सर्वोच्च पदवी मिळे आणि वारसाहक्कात तोच पुढे राही. त्यामुळे चुलालोंगकोर्नने आपल्या काही सावत्र बहिणींशी विवाह केला, ज्यांत सुनंदा, सवांग वद्धना आणि साओवाभा या तिघी सख्ख्या बहिणी होत्या. सुनंदा १८८० साली बांग पा-इन येथील राजवाड्याकडे जाताना नाव उलटून बुडाली. उरलेल्या दोघींपैकी धाकटीचे वजन पुढे वाढत गेले, ते तिच्या स्वभावामुळे जितके तितकेच तिच्या मुलांमुळे. कारण अंतःपुरातील स्त्रीचे स्थान अखेर पाळण्यावरूनच ठरत असे. थोरल्या बहिणीचा मुलगा वजिरुन्हिस हा सयामचा पहिला युवराज होता, परंतु जानेवारी १८९५मध्ये तो अल्पवयात वारला आणि इंग्लंडमध्ये शिकत असलेला साओवाभाचा मुलगा वजिरावुध युवराज झाला. एका बहिणीच्या दुःखातून दुसरीचे भाग्य उजळावे, अशी ही व्यवस्था होती.

तथापि साओवाभाच्या वाट्याला आलेले दुःखही थोडे नव्हते. १८८७ या एकाच वर्षात तिची तीन मुले गेली. त्यांतला सर्वांत धाकटा, सिरिराज, जेमतेम दीड वर्षांचा होता; त्याच्या अंत्यसंस्कारासाठी उभारलेल्या लाकडी मंडपांचे साहित्य राजाने नव्या रुग्णालयाच्या बांधकामासाठी दिले, आणि १८८८मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयाला मुलाचेच नाव देण्यात आले. सिरिराज हे आज थायलंडमधील सर्वांत जुने आधुनिक रुग्णालय आहे.

याच रुग्णालयात १८९०च्या दशकात साओवाभाने सुईणींचे प्रशिक्षण देणारी शाळा काढली, आणि तिच्या साऱ्या कामांत हेच सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. सयाममध्ये बाळंतिणीला कित्येक दिवस पेटत्या विस्तवाजवळ निजवण्याची ‘यू फाय’ नावाची प्रथा होती; आपल्याकडची शेक-शेगडी तिच्यापुढे फारच सौम्य वाटावी. राणीने स्वतः ही प्रथा सोडून पाश्चात्त्य पद्धतीची शुश्रूषा स्वीकारली. दरबारी वैद्यांच्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या विरोधापुढे कोणत्याही फर्मानापेक्षा राणीचे उदाहरण अधिक उपयोगी पडण्याजोगे होते. १८९३च्या फ्रेंच संघर्षात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी स्त्रियांच्या पुढाकाराने जी संस्था स्थापन झाली, आणि जिचे पुढे थाई रेडक्रॉसमध्ये रूपांतर झाले, तिचीही ती पहिली अध्यक्षा होती. १९०४ साली तिने मुलींसाठी राजिनी, म्हणजे ‘राणी’, या नावाची शाळा काढली आणि तिथे यासुई तेत्सु या जपानी शिक्षिकेला बोलावले. आशियाई देशाने आधुनिक शिक्षणासाठी युरोपऐवजी जपानकडे पाहावे, ही निवड बोलकी आहे.

तिचा लाडका मुलगा चक्रबोंग रशियात लष्करी शिक्षण घेत होता. १९०६ साली त्याने आईवडिलांना न कळवता एकातेरिना देस्नित्स्काया या रशियन परिचारिकेशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये लग्न केले. राजाने त्या सुनेला अखेरपर्यंत भेट दिली नाही. राणीही प्रथम संतापली, परंतु १९०८मध्ये नातू चुला जन्मला आणि तिचा राग हळूहळू ओसरला. १९१०मध्ये राजा निवर्तल्यावर राजमाता म्हणून ती फाया थाय राजवाड्यात राहू लागली; दिवसा निजायचे आणि रात्री जागून भेटीगाठी, गप्पा व कामकाज करायचे, अशी तिची दिनचर्या होती, आणि तिच्याभोवतीच्या सगळ्या माणसांना आपली झोप तिच्या घड्याळाशी जुळवून घ्यावी लागे.

२० ऑक्टोबर १९१९ रोजी ती वारली. राजा वजिरावुधने आईच्या स्मरणार्थ इमारत बांधून दिली, तिच्यात १९२२पासून रेडक्रॉसच्या अखत्यारीतील, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस देणारी संस्था राणी साओवाभाच्या नावाने काम करू लागली आणि पुढच्या वर्षी तिथे सर्पोद्यान सुरू झाले. विषारी साप पाळून, त्यांचे विष काढून, ते घोड्यांना अल्प मात्रेत टोचून प्रतिविष मिळवण्याचे, मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले काम बँकॉकची ही संस्था करते.

राजवंशाचे मात्र निराळेच घडले. चक्रबोंग १९२०मध्ये, आणि त्यानंतरचे दोघे भाऊ १९२५पर्यंत, मरण पावले; वजिरावुधला मृत्यूच्या दोनच दिवस आधी झालेले एकुलते अपत्य मुलगी होती, तर चुलाचा हक्क त्याच्या परदेशी आईमुळे डावलला गेला. म्हणून सर्वांत धाकटा प्रजाधिपोक गादीवर आला आणि १९३५ साली, अपत्य नसतानाच, त्याने सिंहासन सोडले. मुकुट गेला तो सवांग वद्धनाच्या नातवाकडे, आनंद महिडोल याच्याकडे, आणि १९४६मध्ये त्याच्या धाकट्या भावाकडे, भूमिबोलकडे. १८९५मध्ये युवराज मुलगा गमावलेली सवांग वद्धना हे सारे पाहायला हयात होती. ती १९५५ साली वारली.