खुब्याचा सांधा बदलताना चीर कुठून?

आंबोलीच्या पावसात शेवाळलेल्या अंगणात म्हातारं माणूस घसरलं, की खुबा मोडू शकतो. मालिश करत दिवस घालवू नका. शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी. काहींचे हाड सळईने जोडतात, काहींचा सांधा बदलतात.

मागून चीर दिल्यास चालण्याचे मुख्य स्नायू वाचतात, पण सांधा निखळण्याचा धोका थोडा जास्त. उकिडवे बसणे टाळावे. बाजूने केल्यास निखळणे कमी, मात्र काहींना लंगडेपणा राहतो. पुढून केल्यास सुरुवातीला दुखणे कमी, पण हात सराईत हवा. वर्षभराने फरक फारसा उरत नाही. म्हणून डॉक्टरांचा हात बसलेली पद्धतच बरी.

डॉक्टरांना विचारून दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.