वकिली भागीदारीतील नफावाटप

वकिली भागीदारीतील नफावाटप म्हणजे दोन किंवा अधिक वकिलांनी मिळून चालवलेल्या भागीदारी संस्थेचे (फर्मचे) उत्पन्न, खर्च वजा जाता, भागीदारांमध्ये विभागण्याची पद्धती होय. कनिष्ठ वकिलाला दरमहा ठरलेले मानधन मिळते. भागीदार मात्र संस्थेचा मालकही असतो आणि तिच्यात राबणाराही असतो. त्यामुळे त्याचा वाटा भांडवलावर ठरवावा, ज्येष्ठतेवर, आणलेल्या अशिलांवर की प्रत्यक्ष केलेल्या कामावर, हा प्रश्न प्रत्येक फर्मपुढे येतो. त्याचे उत्तर लेखी नसल्यास ते कायदा देतो, आणि ते भागीदारांच्या अपेक्षेपेक्षा अगदी निराळे असू शकते.

कायदेशीर चौकट

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १३ नुसार, भागीदारांत वेगळा करार नसेल तर कोणत्याही भागीदाराला कामाबद्दल स्वतंत्र मोबदला मागता येत नाही. तसेच नफा आणि तोटा सर्व भागीदारांत समान विभागला जातो. तीस वर्षे वकिली केलेला ज्येष्ठ आणि कालच भागीदार झालेला कनिष्ठ यांच्यात कायदा स्वतःहून भेद करत नाही. मर्यादित दायित्व भागीदारी कायदा, २००८ च्या पहिल्या अनुसूचीतही, करार नसल्यास, समान वाटणीचेच तत्त्व आहे.

कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातून मिळणारा हक्क बजावण्यासाठी फर्मवर किंवा सहभागीदारांवर दावा लावता येत नाही. विसर्जित फर्मचा हिशेब मागण्याचा हक्क मात्र शाबूत राहतो. म्हणजे वाटणीचे सूत्र लेखी असूनही, नोंदणीअभावी, फर्म चालू असताना ते न्यायालयातून अमलात आणणे कठीण होते.

वकिलांवर याखेरीज भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) नियमांची बंधने आहेत. वकील नसलेल्या व्यक्तीशी भागीदारी करता येत नाही किंवा तिला फीमध्ये वाटा देता येत नाही. त्यामुळे कारकुनाला पगार देता येतो, पण प्रकरणामागे टक्केवारी देता येत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेण्यासही मनाई आहे. जाहिरात करून काम मिळवण्यास बंदी असल्याने अशील बहुधा ओळखीतून व नावलौकिकातून येतात. ‘अशील कोणी आणला’ या गोष्टीला भागीदारीत मोठे वजन येते, त्याचे एक कारण हेच आहे.

प्रमुख पद्धती

समान वाटणी ही सर्वांत सोपी पद्धत होय. समवयस्क, समान कष्ट घेणाऱ्या दोन-तीन भागीदारांत ती टिकते. एकाचे काम घटले किंवा दुसऱ्याचे नाव वाढले की कुरबूर सुरू होते.

ज्येष्ठताक्रम किंवा लॉकस्टेप पद्धतीत भागीदाराचा वाटा वर्षांगणिक ठरलेल्या पायऱ्यांनी वाढतो आणि एका मर्यादेवर थांबतो. आपला अशील सहकाऱ्याकडे सोपवल्याने भागीदाराचे नुकसान होत नाही, हा तिचा मुख्य लाभ. जोमाने काम करणाऱ्या तरुण भागीदाराला वाट पाहावी लागते, ही तिची उणीव. या पद्धतीसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यू यॉर्कच्या ‘क्रॅव्हाथ, स्वेन अँड मूर’ या फर्मनेही २०२१ मध्ये तिच्यात बदल करून कामगिरीला काही स्थान दिले.

कामगिरीनुसार वाटणीत प्रत्येक भागीदाराने मिळवलेल्या फीप्रमाणे त्याचा वाटा ठरतो. बॉस्टनच्या ‘हेल अँड डॉर’ या फर्ममध्ये रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला असे सूत्र रूढ केले. त्यात अशील आणणारा, प्रकरणाची जबाबदारी सांभाळणारा आणि प्रत्यक्ष काम करणारा, अशा तीन भूमिका वेगळ्या मोजल्या जात. केवळ आणणाऱ्यालाच श्रेय मिळाले तर भागीदार अशील स्वतःकडे धरून ठेवतात, आणि फर्म नावापुरती एक उरते.

संमिश्र पद्धतीत नफ्याचा काही भाग समान किंवा ज्येष्ठतेनुसार, काही भाग कामगिरीनुसार वाटला जातो आणि उरलेला राखीव ठेवला जातो.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले. ते शहर जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. त्यामुळे एकाच प्रकरणाचा प्रवास तालुका न्यायालय, जिल्हा न्यायालय आणि खंडपीठ असा होऊ शकतो, आणि त्यात तीन वेगवेगळ्या वकिलांचा हात लागू शकतो.

भूसंपादनातील वाढीव मावेजाची प्रकरणे याचे ठळक उदाहरण होत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खालील संदर्भ दिवाणी न्यायालयात चाले आणि त्यावरील अपील उच्च न्यायालयात जाई. अशा प्रकरणात गावातील ओळखीने शेतकरी एका वकिलाकडे येतो. खरेदीखते, सातबारा उतारे व साक्षीपुरावे दुसरा जुळवतो. अपिलाचा युक्तिवाद तिसरा करतो. मावेजात टक्केवारी घेता येत नसल्याने फी आधी ठरते आणि काम मात्र वर्षानुवर्षे चालते. फर्मच्या वार्षिक हिशेबात ज्या वर्षी फी जमा झाली त्याच वर्षी ती आणणाऱ्याच्या नावे टाकली, तर पुढे तारखा सांभाळणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. जालन्यातील पोलाद व बियाणे उद्योगांच्या कामाचे स्वरूप याहून निराळे असते. करारमदार, वसुली, धनादेश न वटल्याची प्रकरणे अशी कामे वरचेवर येतात आणि संबंध एखाद्या भागीदारापेक्षा फर्मशी जुळू शकतो.

सूत्राचे उदाहरण

समजा, एका प्रकरणाची फी ६०,००० रुपये आहे. अशील आणणाऱ्यास २० टक्के, जबाबदारी सांभाळणाऱ्यास २० टक्के, प्रत्यक्ष काम करणाऱ्यास ५० टक्के आणि सामाईक निधीस १० टक्के असे सूत्र ठरल्यास अनुक्रमे १२,०००, १२,०००, ३०,००० आणि ६,००० रुपये श्रेय नोंदले जाते. ५० टक्के श्रेय आणणाऱ्यास आणि २० टक्के काम करणाऱ्यास दिले, तर काम करणाऱ्याचे श्रेय ३०,००० वरून १२,००० वर येते. ही श्रेयनोंद म्हणजे रोख वाटप नव्हे. जागेचे भाडे, कारकुनांचे पगार, ग्रंथ व कनिष्ठांचे मानधन वजा जाता उरलेला नफा श्रेयाच्या प्रमाणात वाटला जातो. प्रत्यक्ष कामाचे श्रेय काम पूर्ण होत जाईल तसे टप्प्याटप्प्याने नोंदल्यास लांबलेल्या प्रकरणातही अन्याय टळतो. कनिष्ठांना शिकवणे, कार्यालय सांभाळणे आणि विनामूल्य विधी साहाय्य या कामांना फी नसते. त्यांच्यासाठी सामाईक निधीतून तरतूद करता येते.

निवृत्ती आणि मृत्यू

वेगळा करार नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते (कलम ४२). भागीदार मृत्यूमुळे किंवा अन्यथा फर्मबाहेर गेला आणि उरलेल्यांनी अंतिम हिशेब न करता काम चालू ठेवले, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना, वेगळा करार नसल्यास, त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा तिच्यावर सालीना ६ टक्के व्याज यांपैकी एकाची निवड करता येते (कलम ३७). अपुऱ्या प्रकरणांची फी कोणाची, हे भागीदारीपत्रात नसेल तर हा हिशेब वादाचा ठरतो. भागीदाराची विधवा किंवा मुले वकील नसतील, तर त्यांना पुढील फीत कायम वाटा ठेवणेही वर सांगितलेल्या नियमामुळे अडचणीचे होते. देय रक्कम आणि हप्ते आधीच ठरवून ठेवणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय.

प्राप्तिकर

फर्मने कर भरल्यानंतर भागीदाराला मिळणारा नफ्याचा वाटा त्याच्या हाती करमुक्त असतो. कार्यरत भागीदाराचा मोबदला मात्र त्याच्या उत्पन्नात धरला जातो आणि भागीदारीपत्रात तरतूद असेल तरच फर्मला त्याची वजावट मिळते. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ४०(ब) मधील मर्यादा २०२४ मध्ये वाढवण्यात आली. तीनुसार पहिल्या ६ लाख रुपयांच्या पुस्तकी नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख रुपये यांपैकी जास्त रक्कम आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के इतका मोबदला ग्राह्य ठरला. हे गणित ९ लाख रुपयांच्या पुस्तकी नफ्यावर ७ लाख २० हजार रुपये येते. ही मर्यादा सर्व भागीदारांना मिळून असते. त्यामुळे वाटणीचे सूत्र ठरवतानाच मोबदला किती आणि नफ्याचा वाटा किती, हेही भागीदारीपत्रात स्पष्ट लिहावे लागते.