जेर-जबरची चूक मशीन पकडेल का?

आमच्या विंगमधला एक मित्र हाफिज आहे. म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ: ११४ सूरा, सहा हजारांवर आयती! (इथे आम्हाला व्हायवाच्या आदल्या रात्री पाच सूत्रं आठवत नाहीत.) पण पाठ केलेलं टिकवायला रोज कुणीतरी ऐकणारं लागतं. मदरशात उस्ताद समोर बसून आधी सबक ऐकतात, मग आमुख्ता, म्हणजे जुन्याची उजळणी. होस्टेलला उस्ताद कुठून आणणार? म्हणून हा पहाटे व्हरांड्यात मोबाईलसमोर म्हणतो. शब्द चुकला की स्क्रीनवर लाल होतो.

अशी ॲप्स आता बरीच आहेत. त्यातलं 'तरतील' २०१८ साली एका हॅकेथॉनमधून सुरू झालं. मित्राचं वेगळं आहे. वरवर पाहता काम सोपं वाटतं, कारण मजकूर ठरलेला. दोन-चार शब्द ऐकायचे, जागा शोधायची, पुढे जुळवत जायचं. पण सूरा रहमानच्या ७८ आयतींमध्ये एकच आयत ३१ वेळा येते. तेवढीच ऐकली तर आपण नक्की कुठे आहोत हे मशीनला कळायचं कसं?

खरी गोम पुढेच आहे. आवाजाचं अक्षरांत रूपांतर करणारी हल्लीची मॉडेल्स नुसतं ऐकत नाहीत, आधीच्या शब्दांवरून पुढचा अंदाजही बांधतात. आपण अर्धवट बोललो तरी ती समजून घेतात ना, ते यामुळेच. इथे नेमका तोच गुण नडतो. पोराने एक शब्द गाळला, तर मशीन तो मनानेच भरून मोकळं! कॉपी तपासताना उत्तर स्वतःच पूर्ण करणारे सर आपल्याला हवेच असतात, पण हिफ्जला ते चालत नाहीत. अरबीत क़ाफ जिभेच्या मुळातून काढला तर 'क़ल्ब' म्हणजे हृदय. साधा काफ म्हटला की 'कल्ब', म्हणजे कुत्रा.

यावर उपाय म्हणजे मॉडेलला चुकाही शिकवायच्या. पण रेकॉर्डिंग मुबलक मिळतात ती नामवंत कारींची, बिनचूक. अडखळणाऱ्या मुलांचे आवाज गोळा करायचे आणि प्रत्येक चुकीवर जाणकाराने खूण करायची, हे काम फार वेळखाऊ. म्हणजे उस्ताद पुन्हा लागतातच.

सुट्टीत घरी गेल्यावर मित्राने मोबाईलवर एक पारा म्हटला, एकही शब्द लाल नाही. तोच उस्तादांपुढे म्हटला तर त्यांनी तीनदा थांबवलं. तिन्ही वेळा चूक मद्दची होती, म्हणजे स्वर चार मात्रा लांबवायचा तिथे हा दोनवरच उतरला होता.