सिंधुदुर्गाची वाट

गेल्या मार्गशीर्षांत मी माझ्या वडील भगिनीस घेऊन कोल्हापुराहून मालवणास गेलों होतों. सिंधुदुर्गावरील शिवराजेश्वराचें मंदिर छत्रपति राजाराममहाराजांनीं उभविलेलें; तें पाहण्याची अक्काची फार दिवसांची इच्छा. होडी कुरटे बेटास लागली. परंतु ओहोटी होती, आणि होडीच्या कांठावरून पायरीवर चढणें तिच्या गुडघ्यांना झेपेना. ती होडींतच बसून राहिली.

जुलै २०२५ मध्यें हा किल्ला जागतिक वारशाच्या यादींत गेला. आतां यात्रिक वाढतील, व त्यांत वृद्ध आणि अपंगही असतील. २०१६ च्या कायद्यानें सार्वजनिक ठिकाणीं त्यांचा प्रवेशाचा हक्क मानिला आहे. त्यांच्याकरितां फळ्यांची वाट कशी करावी?

आरंभ होडीपासून करावा. चाकांच्या खुर्चीस बारा फूट लांबींत एक फुटाहून अधिक चढ सोसत नाहीं. भरती-ओहोटीनें पाणी सहा फूट वर-खालीं झालें, तर उतार ७२ फूट लांब हवा. त्रैराशिक मीं जन्मभर शिकविलें. त्याचा हा उपयोग मात्र त्या होडीनें शिकविला! म्हणून धक्का पाण्याबरोबर चढणारा-उतरणारा, म्हणजे तरता असावा, व त्यापासून तटापर्यंत बिजागरीनें जोडलेला उतार. पावसाळ्यांत होड्या बंद असतात. तेव्हां हें सर्व काढून ठेवतां यावें.

कोणी म्हणतात, किनाऱ्यापासून सरळ पूलच बांधावा. मला तें पटत नाहीं. समुद्र हाच त्या जलदुर्गाचा खंदक. शिवाय १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य असून किल्ल्याभोंवतीं पाण्याखालीं प्रवाळ आहे. भराव घातला कीं गाळ उठतो, आणि तो प्रवाळावर बसला म्हणजे त्याचा प्रकाश तुटून तें गुदमरतें. तेव्हां नांगर व खांब थोडे, आणि तेही पाणबुड्यांनीं तळ पाहून प्रवाळ नसेल तेथेंच.

तटाच्या वळणांत लपविलेला दरवाजा रुंद करणें तर बोलूंच नये. आंत जमीन न खणतां फळ्या नुसत्या टेकवाव्यात. त्यांमधील फट अर्ध्या इंचाहून मोठी नको, नाहींतर काठीचें टोंक अडकतें. अंधांस काठीनें कळावी म्हणून दोहों कडांस उंच पट्टी असावी. आणि योजना करणारानें प्रथम प्रत्येक पायरी मोजावी.

परततांना मीं अक्काला मंदिराचें वर्णन सांगितलें. तिनें एवढेंच विचारलें, "पायऱ्या किती रे?" त्या मीं मोजल्याच नव्हत्या.